दुसऱ्या खुर्चीतला माणूस

गेल्या वर्षीच्या पारितोषिक वितरण समारंभात मी सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होतो. कबड्डी संघातर्फे व्यासपीठावर बोलावले गेले ते आमच्या चढाईपटूला. त्याने गुण आणले होते, यात वाद नाही. पण त्याच्या दोन चढायांच्या मधल्या वेळात समोरचा गडीही आमच्या अंगणात येतच होता, आणि त्याचा घोटा धरण्यासाठी डाव्या कोपऱ्यात कोणीतरी उभे होते. ते मी होतो. त्याच्या खुणा माझ्या गुडघ्यांवर अजून आहेत. खोटे कशाला बोलू, त्या संध्याकाळी वसतिगृहावर परतताना मी ठरवून टाकले की यंदा संघनिवडीला नाव द्यायचे नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला. तो व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग या डोंगराळ भागातल्या गावी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात अभियांत्रिकी शिकला. त्याच्याजवळच्या छायाचित्रांत एक चित्र विचित्र होते. शिरस्त्राणे घातलेले धिप्पाड खेळाडू मैदानावर धावत येत आहेत आणि त्यांच्यातल्या एकाच्या हातात पोचे आलेला, जुनाट पत्र्याचा जेवणाचा डबा. मी विचारले, “दादा, हा डबा कसला?” तो म्हणाला, “हा बड फॉस्टरचा डबा.” मग तो जे सांगत गेला आणि पुढे मी जे शोधून वाचले, त्यावरून माझे काही मत बनले आहे. तेच येथे मांडतो.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, अकरा-अकरा गडी, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट. या खेळात चढाई करणारा संच वेगळा आणि अडवणारा संच वेगळा. चेंडू ज्याच्याकडे, त्याचा चढाईचा संच मैदानात येतो. समोर दुसऱ्या संघाचा बचावाचा संच उभा राहतो. त्यामुळे शिकवणारेही वेगळे. सर्वांच्या वर मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या हाताखाली दोन सूत्रधार, एक चढाईचा आणि एक बचावाचा. या दुसऱ्याला तेथे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या सामन्यांच्या फिती तासन् तास पाहायच्या, त्याच्या खोडी ओळखायच्या, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवायचे, आणि सामना चालू असताना प्रत्येक डावापूर्वी काही सेकंदांत आपली मांडणी पुकारायची, हे त्याचे काम. जिंकल्यावर पत्रकार मुख्य प्रशिक्षकाकडे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे धावतात. हरल्यावर मात्र बचावाच्या सूत्रधाराची आठवण सर्वांना होते.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ चा, केंटकी राज्यातला. मरे स्टेट या विद्यापीठात ते खेळले आणि १९८१ साली तेथेच साहाय्यक म्हणून उमेदवारी करू लागले. तेथील मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर १९८७ साली व्हर्जिनिया टेकला गेले, तेव्हा फॉस्टर त्यांच्याबरोबर गेले. पहिल्या हंगामात संघाने दोन सामने जिंकले आणि नऊ गमावले. १९९२ साली तर दोन जिंकले, आठ गमावले आणि एक बरोबरीत सुटला. असे संघ पाहून प्रेक्षक घरी जातात आणि प्रशिक्षकांच्या नोकऱ्या जातात. हे दोघे टिकले. १९९३ पासून हा संघ दरवर्षी हंगामाअखेरच्या निमंत्रित सामन्यांत दिसू लागला, आणि २०१९ पर्यंत त्या परंपरेत एकदाही खंड पडला नाही.

१९९५ साली बचावाची सूत्रे फॉस्टर आणि त्यांचे एक सहकारी यांच्याकडे संयुक्तपणे आली. पुढच्या वर्षापासून ती एकट्या फॉस्टर यांच्याकडे राहिली. तो डबा त्याच सुमाराचा. कोळशाच्या खाणीत उतरणारे कामगार पूर्वी असा डबा नेत. ब्लॅक्सबर्गच्या आसपासचा मुलूख कष्टकऱ्यांचा, खाणींच्या पट्ट्याला लागून असलेला. तेथल्या माणसाला हा डबा पाहून काही समजावून सांगावे लागत नसे. रोज कामावर जायचे, आपली शिदोरी आपण न्यायची, काम संपले की परतायचे. ज्या बचावपटूने सर्वांत अधिक झटून खेळ केला, त्याने तो डबा मिरवायचा. मिरवायला पत्र्याचा डबा देणाऱ्या माणसाला मानमरातबाविषयी काहीतरी वेगळे कळले असावे, असे मला वाटते.

त्यांच्या बचावाची रीत धाडसी होती. अकरांतले आठ गडी पुढे, हाणामारीच्या जागेजवळ. मागे कोपऱ्यांवरचे दोघे जवळजवळ एकटे. समोरच्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही. पण पुढची फळी चुकली की मागे एकट्या पडलेल्या कोपऱ्यावरच्याची सर्वांसमोर फजिती. कोपऱ्यात उभे राहण्याचे दुःख मला ठाऊक असल्यामुळे त्या दोघांविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

आता २०१४ सालचे दोन सामने पाहा. सप्टेंबरात व्हर्जिनिया टेकचा संघ ओहायो स्टेटच्या मैदानावर गेला. लाखाहून अधिक प्रेक्षक, सर्व विरोधात. फॉस्टर यांनी समोरच्या कोवळ्या क्वार्टरबॅकची पुरती कोंडी केली आणि टेकने सामना ३५-२१ असा जिंकला. ओहायो स्टेट त्या हंगामात पुन्हा एकदाही हरले नाही. राष्ट्रीय विजेते झाले. म्हणजे विजेत्यांना त्या वर्षी हरवणारा संघ हा एकच. आता दुसरा सामना. नोव्हेंबरात वेक फॉरेस्टविरुद्ध साठ मिनिटे खेळ झाला आणि फॉस्टर यांच्या मुलांनी समोरच्याला एकही गुण मिळू दिला नाही. पण आपल्या चढाईच्या संचानेही एकही गुण केला नाही. शून्य-शून्य! जादा वेळेत टेक ३-६ असे हरले. मित्रहो, बचाव करणाऱ्याचे सगळे प्राक्तन मला या सामन्यात दिसते. नियमित वेळेत एकही गुण न देऊनही जो हरू शकतो, तो बचावपटू. आपले काम पूर्ण करणे आणि यश मिळणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

अमेरिकेत १९९६ पासून देशातल्या उत्तम साहाय्यक प्रशिक्षकाला ब्रॉयल्स पुरस्कार देतात. २००६ साली तो फॉस्टर यांना मिळाला. हा पुरस्कार म्हणजे पुष्कळांना मोठ्या खुर्चीची पहिली पायरी ठरली. २००९ साली तो मिळवणारे अलाबामाचे बचाव-सूत्रधार कर्बी स्मार्ट पुढे जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी २०२१ व २०२२ या हंगामांची राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. फॉस्टर मात्र ब्लॅक्सबर्गलाच राहिले.

मग २०१५ साल उजाडले. बीमर यांनी निवृत्ती जाहीर केली. एकोणतीस हंगाम त्यांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस आता त्यांच्या जागी बसेल, असे अनेकांना वाटले असेल. आणि फॉस्टर यांनाही ती जागा नको होती असे नाही. विद्यापीठाने बाहेरून जस्टिन फुएन्ते यांना आणले. ते फॉस्टर यांच्याहून सतरा वर्षांनी लहान, आणि चढाईच्या विद्येतले. नव्या प्रशिक्षकांनी फॉस्टर यांना राहण्याची विनंती केली. ते राहिले.

येथे माझ्या मित्रमंडळींत दोन तट पडले. वसतिगृहाच्या गच्चीवर मी ही हकीगत सांगितली, तेव्हा एकजण म्हणाला, “केवढा हा त्याग!” दुसरा म्हणाला, “कसला त्याग? पगार भक्कम असेल, घर गावात असेल. शिवाय दुसरीकडे कोणी घेतले नसेल.” मला दोघांचेही पटत नाही.

त्याग म्हणावे, तर पगार खरोखरच भक्कम होता. आणि ज्या मुलांच्या अंगमेहनतीवर हा सगळा पसारा उभा होता, त्यांना त्या काळी शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नसे. स्वतःच्या नावावर आणि छायाचित्रावर पैसे घेण्याची मुभाही त्यांना २०२१ साली मिळाली. तेव्हा कष्टकऱ्याच्या डब्याचा गौरव करताना खरे कष्ट कोणाचे आणि खरा मोबदला कोणाला, हे विसरून चालणार नाही. फॉस्टर यांना संतपदी बसवण्याची मला घाई नाही.

पण त्यांना अपयशी म्हणणाऱ्यांना मी विचारतो, अपयश कशात? मुख्य प्रशिक्षकाला देणगीदारांना भेटावे लागते, पत्रकारांपुढे बसावे लागते, सर्वांची मर्जी राखावी लागते. फिती पाहणे, फळ्यावर आकृत्या काढणे, अठरा-वीस वर्षांच्या पोराला पाय कसा टाकावा हे शंभरदा दाखवणे, हे काम त्या खुर्चीवर गेलेल्या माणसाच्या हातून बरेचसे सुटते. आपल्याकडेही हाडाचा शिक्षक कार्यालयाच्या खुर्चीत गेला की वर्गाला मुकतो, हे आपण पाहतोच. खुर्ची हवी की काम हवे, हे दोन प्रश्न आहेत. आपण मात्र एकच समजून आयुष्यभर एकाचे उत्तर दुसऱ्याला देत राहतो. फॉस्टर यांना खुर्ची हवी होती आणि ती मिळाली नाही. परंतु काम हवे होते ते त्यांच्या हाती होते, आणि नकाराच्या दुसऱ्या दिवशीही ते त्यांनी टाकले नाही. मला मोठेपण दिसते ते एवढ्याच गोष्टीत. महत्त्वाकांक्षा नसलेल्या माणसाने समाधानी राहणे सोपे असते. ती असून, ती नाकारली जाऊन, कडवट न होता कामावर जाणे अवघड.

पुढचे सगळे गोड झाले असेही नाही. २०१८ साली ओल्ड डोमिनियनसारख्या लहान संघाने त्यांच्या बचावावर ४९ गुण केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केले की हा हंगाम शेवटचा. त्या हंगामातही ड्यूकने घरच्या मैदानावर ४५ गुण चढवले. पण नोव्हेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोन सामने झाले. जॉर्जिया टेकविरुद्ध ४५-०, आणि घरच्या मैदानावरच्या त्यांच्या अखेरच्या सामन्यात पिट्सबर्गविरुद्ध २८-०. समोरच्याच्या नावापुढे शून्य, ही बचावाच्या सूत्रधाराला मिळू शकणारी सर्वांत मोठी पावती. कथा येथे संपली असती तर चित्रपट झाला असता. पण त्याच महिन्यात सलग पंधरा वर्षे हरवलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने त्यांना हरवले. आणि ३१ डिसेंबरला अखेरच्या सामन्यात शेवटची काही सेकंदे उरली असताना केंटकीच्या संघाने आघाडी हिसकावली. ज्या राज्यात ते जन्मले, त्याच राज्याच्या संघाने त्यांना निरोप दिला, आणि तोही पराभवाचा.

त्या डब्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकच्या आवारात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून बत्तीस जणांचे प्राण घेतले. त्यांत मूळचे तामिळनाडूचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्र शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. त्या हंगामात त्या डब्यात बत्तीस नावे ठेवली गेली. खेळाने कोणाचे दुःख हलके होते असे मी म्हणणार नाही. पण ती नावे चषकात नव्हे, कामावर नेण्याच्या डब्यात ठेवावीशी वाटली, हे मला फार योग्य वाटते. त्या ओझ्यात आपल्या मुंबईचेही एक नाव होते.

आपण मराठी माणसे अडवणाऱ्याला मान देत नाही असे नाही. १६६० साली घोडखिंड अडवणाऱ्या बाजीप्रभूंचे पोवाडे आपण ऐकतच वाढलो. पण अडवणारा धारातीर्थी पडला, तरच आपल्याला त्याचे मोठेपण दिसते. जो रोज खिंडीत उभा राहतो, संध्याकाळी घरी जातो आणि सकाळी पुन्हा येतो, त्याचा पोवाडा कोण रचणार? आपल्याच महाविद्यालयात अशी माणसे नाहीत काय? संमेलनाच्या नाटकात पडद्याची दोरी धरणारा, परीक्षेच्या काळात रात्री अभ्यासिका उघडी ठेवणारा, कच्च्या मुलांना तास संपल्यावर पुन्हा शिकवणारे सर. या अंकाच्या छायाचित्रांच्या पानांवर त्यांना शोधा. मला तर ते सापडले नाहीत. हा दोष संपादकांचा नव्हे, आपल्या सर्वांच्या नजरेचा आहे. ती सुधारणे हे पहिल्या खुर्चीत बसणाऱ्यांचे कर्तव्य आहे. दुसऱ्या खुर्चीतल्याने मात्र तोवर हातावर हात ठेवून बसू नये, असे माझे नम्र मत आहे.

असो. यंदा मी संघनिवडीला नाव दिले. डाव्या कोपऱ्यातच उभा राहिलो. या वर्षीचे पारितोषिकही चढाईपटूलाच मिळाले, आणि टाळ्या मीही वाजवल्या. गेल्या वर्षीपेक्षा जरा मोकळ्या हातांनी.

— तृतीय वर्ष, कला