एकनिष्ठा कशास म्हणावी?

‘एकनिष्ठ’ हे विशेषण आपण फार उदार हाताने वाटतो. तीस वर्षे एकाच कचेरीत खुर्ची उबवणारा एकनिष्ठ, एकाच दुकानातून वाणसामान आणणारा एकनिष्ठ, आणि ज्याला दुसरीकडे जावयाची सोयच नव्हती तोही एकनिष्ठच. निरोपसमारंभात हा शब्द हारतुऱ्यांबरोबर येतो व बहुधा त्यांच्याबरोबरच सुकतो. त्याचा खरा अर्थ काय, हे पाहावयाचे असेल तर विद्यार्थ्यांनी एका अशा खेळाडूकडे पाहावे, की ज्याचे नाव त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर गेले असेल. त्याचे नाव जॉन ट्रॉलप. इंग्लंडातील स्विंडन टाउन या फुटबॉल संघात तो लेफ्ट-बॅकच्या जागी खेळे. आणि १९६० पासून १९८० पर्यंत या एकाच संघाकडून तो लीगचे ७७० सामने खेळला.

हा आकडा नुसता वाचून त्याची कल्पना यावयाची नाही. त्या काळी इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या चार श्रेणी होत्या. तिसऱ्या श्रेणीत २४ संघ असत व प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर खेळावयाचे, म्हणजे एका मोसमात ४६ सामने होत. या हिशेबाने ७७० सामने म्हणजे एकही सामना न चुकवता जवळजवळ १७ मोसम! पावसात, धुक्यात, गोठलेल्या जमिनीवर, सुजलेल्या घोट्यानिशी. त्यापूर्वी पोर्टस्मथच्या जिमी डिकिन्सनने १९४६ ते १९६५ या काळात ७६४ सामने खेळून उच्चांक केला होता. तो ट्रॉलपने १९८० साली मागे टाकला, आणि पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ ट्रॉलपचा आकडा कोणास ओलांडता आला नाही. २०२३ साली तो मिल्टन कीन्सच्या डीन ल्यूइंग्टनने ओलांडला. तोही लेफ्ट-बॅकच, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

स्विंडन हे गाव रेल्वेने वाढविलेले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तेथे १८४३ साली सुरू झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या बाप भट्टीवर व मुलगा लेथवर असा त्या गावाचा संसार चालला. फुटबॉलचा संघ स्थापिला तो विल्यम पिट नावाच्या एका पाद्रीसाहेबांनी. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे एंजिन याच कारखान्यातून १९६० च्या मार्च महिन्यात बाहेर पडले. ‘ईव्हनिंग स्टार’ हे त्याचे नाव. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, स्विंडनलगतच्या रॉटन गावी जन्मलेला सतरा वर्षांचा ट्रॉलप आपला पहिला लीग-सामना खेळला. गावाचे एक युग संपत असता त्याचे सुरू होत होते.

आता लेफ्ट-बॅकचे काम कसले, हे आपल्या शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्यांस सांगावयास नको. पण पालकांकरिता सांगतो. प्रतिपक्षाचा सर्वांत चपळ गडी बहुधा त्याच्याच अंगावर धावून येतो. त्याला दहा वेळा अडविले तर कोणी टाळी वाजवीत नाही, आणि अकराव्या वेळी तो निसटला तर सारे प्रेक्षागृह बोट दाखविते. गोल करण्याची संधी क्वचित. वृत्तपत्रात नाव त्याहून क्वचित. असे काम वीस वर्षे करावयास पायांपेक्षा स्वभाव बळकट लागतो, असे माझे मत आहे.

फळ काय मिळाले? १९६३ साली स्विंडन प्रथमच दुसऱ्या श्रेणीत चढले. १९६५ साली उतरले. १९६९ साली पुन्हा चढले. १९७४ साली पुन्हा उतरले. पहिल्या श्रेणीचे दर्शन ट्रॉलपला खेळाडू म्हणून कधीच घडले नाही. मात्र १५ मार्च १९६९ रोजी वेंब्ली येथे, चिखलाने भरलेल्या मैदानावर, तिसऱ्या श्रेणीतील या रेल्वेच्या गावाने पहिल्या श्रेणीतील आर्सेनलचा ३-१ असा पराभव करून लीग कप जिंकला. वेळ संपता बरोबरी होती; जादा वेळात डॉन रॉजर्सने दोन गोल केले. ते गोल आजही सांगितले जातात. ते होईपर्यंत आपली बाजू राखून धरणाऱ्यांत लेफ्ट-बॅक ट्रॉलप होता, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तरांनी पुन्हा एकदा ‘आहे तेथेच राहा’ असा पाठ आरंभिला. माझे म्हणणे नेमके त्याच्या उलट आहे.

इंग्लंडात १९६३ पर्यंत असा नियम होता, की करार संपला तरी संघाने नोंदणी सोडल्यावाचून खेळाडूस लीगमधील दुसऱ्या संघात जाता येत नसे. वेतनालाही कमाल मर्यादा होती. जानेवारी १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा आठवड्याचे २० पौंड हा तिचा कळस होता. प्रेस्टनच्या टॉम फिनीची गोष्ट पाहा. प्लंबरचे काम शिकलेला हा गृहस्थ इंग्लंडकडून ७६ सामने खेळला व त्याने देशासाठी ३० गोल केले. १९५२ साली इटलीतील पालेर्मो संघाने त्याला १०,००० पौंड, उत्तम मासिक वेतन, राहावयास बंगला व मोटार देऊ केली. तो प्रेस्टनमध्ये मिळवीत होता आठवड्याचे १४ पौंड. प्रेस्टनच्या चालकांनी साफ नकार दिला आणि विषय संपला. फिनी १९६० पर्यंत त्याच संघात खेळला, आणि लोक त्याला एकनिष्ठेचा पुतळा म्हणतात. फिनीविषयी माझ्या मनात परम आदर आहे. आपल्या गावावर त्याचे प्रेम होते यातही शंका नाही. परंतु ज्याच्या पायात साखळी आहे त्याच्या न जाण्याचे श्रेय साखळीच्या मालकांनी घ्यावे, हे मला मुळीच पटत नाही. पिंजऱ्याचे दार बंद ठेवून पोपटाच्या इमानाची वाखाणणी करण्यासारखेच ते झाले.

१९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत अन्यायाची ठरविली. साखळी तत्क्षणी तुटली नाही, पण सैल झाली. १९७८ साली करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य आणखी वाढले. ट्रॉलपची सारी कारकीर्द याच वीस वर्षांत झाली. दार किलकिले होते, आणि त्यातून त्याचे सोबती जात होते, हे तो पाहत होता. त्याच्याबरोबर वाढलेले माइक समरबी व अर्नी हंट हे दोघेही १९६५ साली गेले. समरबी मँचेस्टर सिटीत गेला आणि १९६८ साली लीगच्या विजेत्या संघात खेळला. वेंब्लीचा वीर रॉजर्स १९७२ साली क्रिस्टल पॅलेसकडे गेला. ट्रॉलप राहिला.

म्हणून काय समरबी कृतघ्न ठरतो? पालकांपैकी काहींचे मत मला ठाऊक आहे: मुलाने बापाचा धंदा सोडला, गाव सोडले, की त्याने पाठ फिरविली. मी हे मानीत नाही. समरबीला मोठ्या मैदानावर खेळण्याचे सामर्थ्य होते. ते त्याने स्विंडनमध्ये पुरून ठेवले असते तर कोणाचे भले होणार होते? जाताना त्याने कोणास फसविले नाही. जो जोवर संघात होता तोवर मनापासून खेळला, त्याने आपले देणे फेडले. ट्रॉलपचे राहणे मोलाचे ठरते तेही याचकरिता, की समरबीचे जाणे निर्दोष होते. जाण्यास पाप म्हटले, की राहण्यात पुण्य उरत नाही. उरते ते केवळ भय.

दुसरा आक्षेप असा, की असा मनुष्य महत्त्वाकांक्षाशून्य असतो. हे मत मला फार उथळ वाटते. तिसऱ्या श्रेणीतील संघालाही लेफ्ट-बॅक लागतो, आणि आठवडाभर लोखंडाशी झगडून शनिवारी दुपारी काउंटी ग्राउंडवर येणाऱ्या फिटराने आपल्या तिकिटाचे पैसे आर्सेनलच्या प्रेक्षकाइतकेच घाम गाळून मिळविलेले असतात. त्याला चांगला खेळ पाहावयास मिळावा, ही आकांक्षा लहान कशी?

एकनिष्ठेची मागणी सर्वांत मोठ्याने कोण करतो, हेही पाहावे. बहुधा ज्याला तिचा फायदा असतो तोच. स्विंडनच्या रेल्वे-कारखान्यात ज्यांनी आयुष्ये घालविली त्यांच्या निष्ठेची मोजदाद कोणी केलेली नाही. १९८६ साली कारखान्यास कुलूप लागले. तेव्हा मुलाने शाळा सोडताना मालक ‘निष्ठावान माणूस पाहिजे’ असे म्हणाला, तर पालकांनी बेधडक विचारावे, की आपली निष्ठा किती वर्षांची आहे? ट्रॉलपलाही याचा अनुभव निराळ्या रीतीने आलाच. १९८१ साली तो स्विंडनचा मॅनेजर झाला. १९८२ साली संघ आपल्या इतिहासात प्रथमच चौथ्या श्रेणीत घसरला, आणि १९८३ साली त्याची ती कारकीर्द संपली. ७७० सामन्यांच्या पुण्याईवर गुणतक्त्यातील एक गुणही वाढत नाही.

आणि रॉजर्स? तो डाव्या बगलेचा फॉरवर्ड, म्हणजे ट्रॉलपच्या अगदी पुढचा गडी. पॅलेसमध्ये व मग दुसऱ्या एका संघात खेळून तो १९७६ साली स्विंडनला परत आला. ट्रॉलप तेथे होताच.