कोणीतरी आधी पाहिले होते

मागील महिन्यातील एका रविवारी दुपारची वामकुक्षी आटोपून आम्ही चहाची प्रतीक्षा करीत बसलो होतो, तोच आमच्या मोबाइलवर लंडनहून एक चित्रफीत येऊन दाखल झाली. पाठविणारा आमचा एक जुना विद्यार्थी. इंदूरच्या आमच्या शाळेत तो नेहमी मागच्या बाकावर बसे आणि व्याकरणाच्या तासाला वहीच्या समासात पाने-फुले रेखाटीत राही. त्याबद्दल आमची बोलणीही त्याने पुष्कळ खाल्ली आहेत. आता तो नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला आहे. "सर, २०२४ साली पाहिलेल्या एका प्रदर्शनाचे हे चित्रण आज पुन्हा हाती लागले आणि तुमच्या तासाला काढलेली फुले आठवली," एवढाच मजकूर सोबत होता.

आम्ही चित्रफीत लावली आणि घरातील सारी मंडळी भोवती जमली. एक अंधारे दालन. भिंतींवर प्रकाशाने उजळलेली प्रचंड चित्रे, आणि ती चित्रे क्षणभरही स्थिर नव्हती. एक फूल उमलले. उमलता उमलता त्याच्या पाकळ्यांची पिसे झाली, पिसांचे प्रवाळ झाले, प्रवाळ विरघळून दाट अरण्य उभे राहिले. पुतणीच्या तोंडून "वा!" निघाले, सौभाग्यवतींच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. मातोश्रींनी मात्र चष्मा पदराने पुसला आणि विचारले, "अरे, ते मघाचं जांभळं फूल कुठल्या झाडाचं रे?"

आम्ही म्हणालो, "आई, ते कुठल्याच झाडाचं नाही. यंत्रानं आपल्या मनानं काढलंय."

"असं होय! मग त्याला नाव काय?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. मराठीचे एम. ए. असूनही आम्ही निरुत्तर झालो, आणि त्या निमित्ताने मनात जे विचारचक्र सुरू झाले तेच या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या प्रदर्शनाविषयी. रेफिक अनादोल हे १९८५ साली इस्तंबूल येथे जन्मलेले आणि अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे कार्यशाळा असलेले कलावंत. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानातील सर्पेंटाइन या कलादालनात १६ फेब्रुवारी ते ७ एप्रिल २०२४ या काळात त्यांचे प्रदर्शन भरले होते. त्याच्या नावाचा मराठीत अनुवाद करावयाचा तर 'पृथ्वीचे प्रतिध्वनी' असा होईल. ज्या वास्तूत ते भरले ती मुळात १८०५ साली बांधलेले दारूगोळ्याचे कोठार. जेथे एके काळी तोफांची दारू साठविली जात होती तेथे प्रवाळ आणि वर्षावने भिंतीवर झुलावीत, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा!

ही चित्रे काढली कोणी? अनादोल यांनी रंग आणि कुंचला हाती घेतला नाही. त्यांनी यंत्राला निसर्ग दाखविला. फुले, पक्षी, प्रवाळ, अरण्ये यांची कोट्यवधी छायाचित्रे, ध्वनी आणि नोंदी त्यांच्या पथकाने एकत्र केल्या. त्यांतील काही भाग त्यांनी स्वतः वर्षावनांत जाऊन टिपला, परंतु फार मोठा भाग जगातील नामांकित संग्रहांतून आला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था, लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय, कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा या त्यांपैकी काही. या सामग्रीवर शिकविलेल्या यंत्राला त्यांनी 'विशाल निसर्ग प्रारूप' अशा अर्थाचे नाव दिले.

यंत्र शिकते म्हणजे काय, हे आम्ही आमच्यापुरते असे समजून घेतले. खेड्यातली एखादी आजी जात्यावर बसून शेकडो ओव्या ऐकते. तिला कोणी छंदशास्त्र शिकवीत नाही. पण ऐकून ऐकून ओवीचा घाट तिच्या कानात बसतो आणि एके दिवशी ती स्वतःची ओवी रचून मोकळी होते. यंत्रालाही फुलाची व्याख्या कोणी सांगत नाही. असंख्य फुलांच्या चित्रांतून पाकळीला पाकळी कशी लागते, रंगाशेजारी कोणता रंग येतो, याची गणिते ते आपल्यापाशी मांडते आणि मग कधीच न उमललेले फूल काढून दाखविते. फरक इतकाच, की आजीच्या ओवीत तिचा भाऊ, तिचे माहेर, तिचे दुःख असते. यंत्राला माहेर नाही.

हे अनादोल यांचे पहिलेच काम नव्हे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळात त्यांनी त्या संग्रहालयाच्याच १ लाख ३८ हजारांवर नोंदी यंत्राला दाखवून एक विशाल चलच्चित्र उभे केले होते. बाहेरच्या हवामानाप्रमाणे आणि दालनातील माणसांच्या हालचालींप्रमाणे ते बदलत असे. लोकांनी ते पाहण्यासाठी गर्दी केली आणि संग्रहालयाने ते पुढे आपल्या संग्रहात सामील करून घेतले. दुसरीकडे काही समीक्षकांनी त्याला डोळे दिपविणारी शोभा म्हणून बाजूला सारले. निसर्गाचे गुणगान करणाऱ्या या यंत्रांना वीज फार लागते आणि तो भार पुन्हा निसर्गावरच पडतो, हा आक्षेपही घेतला जातो आणि तो रास्त आहे.

आम्ही कलासमीक्षक नाही. चार इंचांच्या पडद्यावर पाहिलेल्या कलाकृतीवर निवाडा देण्याचा अधिकारही आमचा नाही. आमचे मन अडले ते निराळ्याच ठिकाणी. यंत्राने जे जे काढले ते ते आधी कोणीतरी पाहिले होते. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात सुमारे ८ कोटी नमुने आहेत. त्यांतील प्रत्येक वाळलेले पान कोणीतरी वाकून खुडले, कागदावर चिकटविले, त्याखाली चिठ्ठी लिहिली. कॉर्नेलच्या संग्रहात साठलेला पक्ष्यांचा आवाज कोणीतरी पहाटेच्या दवात उभे राहून टिपला. भिंतीवरच्या त्या एका जांभळ्या फुलामागे अशी किती माणसे असतील, आणि त्यांची नावे कोठे आहेत?

या ठिकाणी आम्हांला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथाचे स्मरण होते. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारातील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पतींचे वर्णन त्यात आहे. ही माहिती डच माणसाला कोठून मिळाली? इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याकडून, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांकडून. विशेष हे, की पहिल्या खंडात या चौघांची साक्षपत्रे त्यांच्या नावांनिशी छापलेली आहेत, आणि तिघा कोकणी वैद्यांचे पत्र आहे नागरी लिपीत! गोमंतकाशी ज्यांचे नाते आहे अशा आमच्या वाचकांना हे वाचून उर भरून आल्यावाचून राहणार नाही.

तो काळ काही न्यायाचा नव्हता. ते ज्ञान परदेशी गेले, आणि राज्यही परक्यांचेच होते. तरीही सांगणाऱ्याचे नाव सांगण्याची सभ्यता त्या ग्रंथाने पाळली. आजच्या यंत्राच्या पोटात कोट्यवधी चित्रे जातात तेव्हा पाहणाऱ्यांची नावे सहज गळून पडतात. अनादोल यांना याची जाणीव नसेल असे मात्र नाही. २०२३ साली त्यांनी ब्राझीलमधील यावानावा या आदिवासी समाजातील तरुण चित्रकारांसमवेत एक काम केले. त्यांच्या गावातील हवामानाच्या नोंदी आणि त्या तरुणांची चित्रे यांतून ते घडले. त्यावर त्या समाजाचे नाव राहिले आणि विक्रीचे उत्पन्नही त्यांच्याकडे गेले. म्हणजे मनात आणले तर हे करता येते.

परंतु दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी आम्हांला स्वतःचा एक अपराध वाचकांपुढे कबूल केला पाहिजे.

आमच्या शाळेत निमाडकडचे एक वृद्ध चौकीदार होते. सारी शाळा त्यांना बाबा म्हणे. अक्षरओळख जेमतेम, पण आवारातील गवताची काडीसुद्धा ते नावाने ओळखीत. कोणत्या पानाचा रस जखमेवर पिळावा, कोणती शेंग गुरांनी खाऊ नये, हे ते सांगत आणि आम्ही मान डोलावून पुढे जात असू. मागच्या भिंतीलगत एक झाड आहे. त्याचे नाव त्यांनी आम्हांला निदान तीनदा सांगितले असेल. आम्ही ते एकदाही लिहून घेतले नाही. बाबा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत वारले. मध्यंतरी आमच्या शाळेतील दोन शिक्षकांनी त्या झाडाचे छायाचित्र आपापल्या मोबाइलला दाखवून नाव विचारले, तर दोन यंत्रांनी दोन निराळी नावे सांगितली. ते झाड आजही फुलते, आणि मातोश्रींचा तो प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो.

जे कोणी लिहिले नाही, टिपले नाही, ते यंत्राला कोठून कळणार? त्याच्या अफाट स्मृतीत बाबांना जागा नाही, कारण आम्हीच ती दिली नाही. याउलट मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण पाहा. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्याच्या नोकरीत रानोरान हिंडला, आदिवासींपाशी बसून पशुपक्ष्यांची नावे टिपीत राहिला. २०२५ साली ते गेले. पण त्यांचा 'पक्षीकोश' मराठीपाशी राहिला.

आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना तर हे विशेष लागू आहे. आमची पुतणी अंगणातल्या फुलांना हरसिंगार म्हणते, तिची आजी पारिजातक म्हणते. एकीचा अमलतास तो दुसरीचा बहावा, एकीचा सेमल ती दुसरीची काटेसावर. दोन्ही नावे गोड आहेत आणि दोन्ही आपलीच आहेत. पण आजीबरोबर तिची नावे गेली, तर ती परत आणून देणारे यंत्र अद्याप कोणी घडविलेले नाही.

म्हणून या सत्रात आम्ही शाळेत एक साधी वही सुरू केली आहे. आवारातील प्रत्येक झाडाला एक पान. वर विद्यार्थ्याने काढलेले चित्र, खाली घरोघरी चालणारी नावे (हिंदी, माळवी, मराठी, निमाडी, जी असतील ती) आणि अखेरीस एक ओळ: सांगणाऱ्याचे नाव. पहिल्या पानावर पारिजातक आहे आणि सांगणाऱ्याच्या जागी आमच्या मातोश्रींचे नाव आहे. मागच्या भिंतीलगतच्या झाडाचे पान चित्र काढून कोरे ठेवले आहे. बाबांच्या गावी त्यांची धाकटी बहीण राहते असे कळले आहे. नाताळच्या सुट्टीत ते चित्र घेऊन तिच्याकडे जाण्याचा आमचा मनोदय आहे.

लंडनच्या त्या विद्यार्थ्यालाही आम्ही हे सारे लिहून कळविले, आणि वहीच्या समासात फुले काढल्याबद्दल त्याला बोललो होतो ते शब्द मागे घेतले. वाचकहो, आपल्या घरीही कोणी आजी, कोणी आत्या, कोणी जुना माळी असेलच. येत्या रविवारी चहा झाल्यावर वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी दहा मिनिटे बसावे आणि अंगणातल्या एका तरी झाडाचे नाव विचारावे, एवढीच विनंती. आणि हो, खाली त्यांचे नाव लिहिण्यास विसरू नये.