मागची तीस वर्षे तपासता, पुढची पंचवीस कोण तपासणार?



वर्सोवा–भाईंदर रस्त्यासाठी तिवरं तोडण्याच्या बातम्या तुमच्या अंकात वाचून जीव आधीच उबगला होता. त्यातच या आठवड्यात मुंबईहून भाच्याने नव्या घराच्या बुकिंगचे कागद पाठवले. "मावशी, तू बँकेत होतीस, एकदा नजर घाल." इमारत पश्चिम उपनगरात, खाडीला लागून. कर्ज २५ वर्षांचे, म्हणजे शेवटचा हप्ता २०५० उजाडल्यावरच फिटणार.

कागद मी दोनदा वाचले. जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आहे, मंजूर नकाशे आहेत, अग्निशमन दलाचा दाखला आहे. बाल्कनीतून दिसणाऱ्या पाण्याचे रंगीत फोटोही आहेत. पण ते पाणी उधाणाला कुठवर चढते आणि इमारतीचे जोते त्याच्या किती वर आहे, याची एक ओळही नाही. मी वर्षानुवर्षे घरांची कर्जे मंजूर केली आणि मीही ही ओळ कधी मागितली नाही, हे आज फार टोचते. बँक मागची ३० वर्षे खोदून काढते. पुढची २५, ज्यांच्या जिवावर ती कर्ज देते, ती कुणी बघतच नाही.

आणि २०५० हे साल काही मी काढलेले नाही. मुंबई महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी ऑगस्ट २०२१मध्ये जाहीरपणे सांगितले होते की २०५०पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय परिसराचा ८० टक्के भाग पाण्याखाली जाईल. बोलणारा माणूस शहराचा कारभारी होता. त्या वाक्यानंतर निदान घरांच्या करारनाम्यात एक रकाना तरी वाढायला हवा होता. तो वाढला नाही.

लोकांना वाटते, समुद्र वाढेल म्हणजे एक दिवस लाट येऊन रस्त्यावर बसेल. तसे होत नाही. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ पातमुखे आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ तिच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त ६. पुन्हा लिहिते: १८६ पैकी ६! मोठी भरती आली की जिथे पातमुखांना दारे आहेत तिथे ती लावून घ्यायची आणि शहरातले पाणी शहरातच तुंबवून ओहोटीची वाट बघायची, नाहीतर पंपांनी उपसायचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीने ते पाणी शहरातच कसे अडवले, हे मुंबईकराला सांगायला नको. २००६ ते २०१८ या काळात जगभरातला समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर चढला. गेल्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत तो वर्षाला १.३ मिलिमीटरने चढत होता. मिलिमीटर ऐकून लोक हसण्यावारी नेतात. पण पाइपाचे तोंड आधीच पाण्यात असेल तर प्रत्येक मिलिमीटर पाणी बाहेर पडण्याचा वेळ खातो.

अशा शहरात पाण्याला थोपवणारी, गाळ धरून ठेवणारी तिवरं हीच खरी भिंत. त्यातली ४५ हजारांहून अधिक झाडे वर्सोवा–भाईंदर रस्त्यासाठी तोडायला डिसेंबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. याच न्यायालयाने २०१८मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे बजावले होते. बदल्यात नवी झाडे लावू म्हणतात. खाजण म्हणजे कुंडी नव्हे, की उचलून दुसरीकडे ठेवली.

इथे जयपूरच्या वैशाली नगरात शेजारी म्हणतात, "जयपुर में समंदर कहाँ है, आप क्यों परेशान होती हैं?" मी त्यांना जवळचे रामगड धरण दाखवते. एके काळी याच धरणाने जयपूरला पाणी पाजले, १९८२च्या एशियाडमध्ये तिथे नौकानयनाच्या शर्यती झाल्या. पुढे पाणी येण्याच्या वाटांवर अतिक्रमणे झाली आणि धरण कोरडे पडले. आता आम्ही बिसलपूर धरणाचे पाणी पितो. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याच रामगडवर ड्रोन उडवून कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयोग झाला. वाटा मोकळ्या करणे राहिले बाजूला. जयपूरच्याच द्रव्यवती नदीला तर पिढ्यान्‌पिढ्या आम्ही अमानीशाह नाला म्हणून कचरा वाहिला, आणि मग तिचे पात्र बांधायला कोट्यवधी रुपये घातले. तिकडे पाणी चढते, इकडे आटते. पण जमीन हडपणाऱ्यांची नजर तीच आणि सही करणाऱ्यांची पेनेही तीच.

माझी मागणी एवढीच आहे. महारेरामध्ये नोंदणी करताना प्रत्येक किनारी प्रकल्पाने भरतीरेषेपासूनचे अंतर आणि भरतीपातळीपेक्षा जोत्याची उंची लिहिणे सक्तीचे करा. तोच आकडा करारनाम्यात आणि बँकेच्या मूल्यांकन अहवालात येऊ द्या. एका सर्वेक्षकाचे एका दिवसाचे काम आहे. रिझर्व्ह बँकेनेही यात लक्ष घालावे, कारण कर्जदाराचे घर बुडाले तर तारणही बुडते.

भाच्याला मी हा एकच प्रश्न विक्री कार्यालयात लेखी विचारायला लावला आहे. आज सहावा दिवस. टोकनची रक्कम भरल्याबद्दल दोन फोन आणि एक पुष्पगुच्छ आला, उंचीचा आकडा आलेला नाही.

— एक निवृत्त बँक अधिकारी, वैशाली नगर, जयपूर