बेचाळीस सामने

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू पाठीवर एकच आकडा मिरवतो: ४२. तो जॅकी रॉबिन्सनचा. १९४७ साली याच दिवशी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि कृष्णवर्णीयांना बंद असलेलं दार उघडलं. सोहळा व्हायलाच हवा. पण हे दार बंद केलं कोणी, याची आठवण त्या दिवशी फारशी कोणी काढत नाही.

कारण ते आधी उघडं होतं. १८८४ साली मेजर लीगमधल्या ओहायोच्या टोलीडो संघात मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर होता. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊबंद, पण वॉकर बहुतेकदा उघड्या हातांनीच झेलायचा. बोटं मोडायची, सुजायची. एका माणसावर हंगाम निघणं अशक्य. म्हणून जोडीला वीस वर्षांचा गोरा जेम्स मॅग्वायर होता. दोघांनी काम जवळपास निम्मं-निम्मं केलं. फलंदाजीत वॉकर सरस ठरला.

त्यात संघाचाच पिचर, म्हणजे गोलंदाज, टोनी मुलेन वॉकरच्या खुणा मुद्दाम धुडकवायचा. कसला चेंडू येतोय याचा पत्ता नाही आणि हात तर उघडे! आपल्या जोडीला मिळालेल्या कॅचरांत वॉकर सर्वोत्तम होता, असं पुढे १९१९ मध्ये खुद्द मुलेननेच सांगितलं. वरताण म्हणजे, काळा माणूस आपल्याला नकोसा होता हेही त्याच दमात.

त्याआधी, १८८३ साली, शिकागो संघाचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन अडून बसला होता: वॉकर असेल तर खेळणार नाही. खरं तर दुखऱ्या हातामुळे वॉकरला त्या दिवशी विश्रांतीच होती. टोलीडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन इरेला पेटला, त्याने वॉकरला मुद्दाम उतरवलं. तिकिटांचे पैसे बुडतील म्हणून अ‍ॅन्सन मुकाट खेळला. १४ जुलै १८८७ला अ‍ॅन्सन पुन्हा अडला, तेव्हा मात्र वॉकरच्या नव्या संघाने, न्यूअर्कने, आपला कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्ही याला बाहेर बसवलं. त्याच दिवशी, न्यूअर्क ज्यात खेळायचा त्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचं ठरवलं. पैशापुढे नमलेला हट्ट मालकांच्या मतांवर तरून गेला.

मॅग्वायर २६ हंगाम खेळला. १९१२ साली डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संप केला, तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रशिक्षक असूनही तोच कॅचर म्हणून उभा राहिला. वॉकरचे मेजर लीगमधले सामने बेचाळीसच. १९०८ साली त्याने पुस्तिका लिहिली: कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावं. त्याचा हा निष्कर्ष पटण्यासारखा नाही. पण त्याला खोडून काढायला त्या वेळच्या बेसबॉलमधून एक तरी दाखला कुठून आणायचा?