लेझर, लोन आणि लॅब

परवा नाशिक फाट्यावर चहा पिताना मित्राने बॉम्बच टाकला. ‘चाकणची नोकरी सोडतोय. पीएचडी करणार!’

गडी फिजिक्सचा एमएस्सी. सहा वर्षं गाड्यांचे पार्ट लेझरने मोजतोय. आता पाषाणच्या आयसरमध्ये त्याच लेझरने अणू थंड करायचेत. २०२३ मध्ये केंद्राने क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मंजूर केले. सॉलिड! पण याच्या हाती फेलोशिपचे महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता २२ हजार.

‘बायको काय म्हणाली?’

‘म्हणाली, हप्ता मी बघते. तू अर्धवट सोडू नकोस.’

कंपनीची बस आली. नोटिस पिरियड, चढावंच लागलं. खिडकीतून ओरडला, ‘पुढची पाच वर्षं चहा तुझ्याकडून!’

मी फ्रीलान्सर. तरी म्हटलं, कबूल यार!