सायकलची खरी किंमत

सायकल ही गरिबाची गाडी, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्याला ती पोटापाण्यासाठी घ्यावयाची असते, त्याच्या दृष्टीने ती किरकोळ खरेदी नसते. सधन माणसाची निवड चुकली तर एक वस्तू अडगळीत जाते. तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाची निवड चुकली, तर त्याची दोन वर्षांची बचत अडगळीत जाते. म्हणूनच या विषयाला बँकेच्या मासिकात स्थान असावे, असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी माझी बदली लुधियाना येथील शाखेत झाली. हे शहर म्हणजे भारतीय सायकल-उद्योगाचे माहेरघर. हीरो सायकल्सची स्थापना येथेच १९५६ मध्ये झाली. आमच्या कित्येक कर्जदारांचा व्यवसायच रिम, पेडल, चेन-कव्हर असे सुटे भाग बनविण्याचा होता. त्यांचे ताळेबंद मी बारकाईने वाचत असे. सायकलीविषयी मात्र मला काडीइतकीही माहिती नव्हती.

आमच्या ग्राहकांत होजिअरीच्या कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या एक भगिनी होत्या. मूळच्या बिहारमधील. तेथील राज्य सरकारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. तिच्या पहिल्या काही वर्षांतील त्या लाभार्थी. शाळेची ती साधी काळी सायकल पुढे धाकट्या भावाने वापरली आणि गावी ती अजून चालते, हे त्या अभिमानाने सांगत. लुधियानात त्या कामावर शेअर रिक्षाने जात. जाण्यायेण्याचे रोजचे ४० रुपये. त्यांनी दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले आणि दोन वर्षे एकही हप्ता चुकविला नाही. मुदत संपली तेव्हा एक रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, ‘‘साहेब, ही घेऊ का?’’ किंमत ११,५०० रुपये. मी व्याज हिशेबून दिले, रक्कम पुरते आहे असे सांगितले आणि अभिनंदन केले. सायकलीकडे मी पाहिलेच नाही.

ती गिअरची, जाड टायरची, पुढेमागे स्प्रिंग असलेली सायकल सात महिने चालली. पावसाळ्यात गिअर अडकू लागले, मागचे चाक डुगडुगू लागले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे तो भाग नव्हता. सायकल भिंतीला टेकून राहिली आणि ताई पुन्हा रिक्षात बसू लागल्या. महिन्याला २५ याप्रमाणे कामाचे १७५ दिवस धरले, तर त्या सायकलीने दिवसाला सुमारे ६६ रुपये घेतले. म्हणजे रिक्षाच स्वस्त पडली असती!

हा प्रसंग मी आमच्या एका वयोवृद्ध कारखानदार ग्राहकांना सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘साहेब, सायकल दुकानात पाहायची नसते, मिस्त्रीच्या टपरीत पाहायची असते.’’ साध्या काळ्या सायकलीचे टायर, चेन, ब्रेकचे रबर, बेअरिंगच्या गोळ्या कोणत्याही कंपनीच्या असोत, बहुतेक एकमेकींना चालतात. ॲटलसच्या साहिबाबाद कारखान्यातील उत्पादन २०२० मध्ये थांबले. तरी तिच्या जुन्या साध्या सायकलीला टायर-ट्यूबसाठी वणवण करावी लागत नाही. सायकल टिकते ती अशा सहज मिळणाऱ्या सुट्या भागांच्या बळावर.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा आणि देखभालखर्च यांची ओळख पुस्तकातच होते. तरीही खरेदीच्या वेळी आपण केवळ पावतीवरील आकडा पाहतो. समजा, साधी सायकल ६,००० रुपयांना घेतली, वर्षाला ८०० रुपये दुरुस्तीला लागले आणि ती पाच वर्षे, वर्षातून ३०० दिवस चालविली. एकूण खर्च १०,००० रुपये, दिवस १,५००. म्हणजे रोजचे सात रुपयेही नाहीत. वस्तूची खरी किंमत ती ही.

त्या गृहस्थांकडून शिकलेल्या चार गोष्टी येथे नमूद करतो. पहिली, माप. दांडीच्या सायकलीवर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून उभे राहिल्यास दांडी आणि शरीर यांत एक-दोन इंच अंतर उरावे. सीटवर बसून पेडल खालच्या टोकाला नेल्यास गुडघा किंचितच वाकलेला असावा. ‘मुलगा वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणे धोक्याचे. दुसरी, दिखाऊ सोयी. स्वस्त सायकलीतील स्प्रिंग वजन वाढविते आणि पायाचे बळ खाते. सपाट रस्त्याच्या रोजच्या चार-पाच किलोमीटरला गिअरची गरज नाही, आणि जाड खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर केवळ दमवितात. डोंगराळ गावाची गोष्ट निराळी. तिसरी, सुरक्षितता. ब्रेक, घंटी, मडगार्ड आणि पुढचेमागचे परावर्तक यांत काटकसर करू नये. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, हे ध्यानी ठेवावे. चौथी, जुनी सायकल घेण्यात कमीपणा मानू नये. चाक फिरवून ते डावीउजवीकडे झुलते का पाहावे, क्रँक हलवून ढिलाई तपासावी, फ्रेमच्या जोडांवर तडा किंवा गंज नाही ना हे निरखावे, आणि चोरीचा माल पदरी पडू नये म्हणून फ्रेम क्रमांकासह लेखी पावती घ्यावी.

पैशांची तजवीज कशी करावी? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पूर्वी सायकलीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळत असे; सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये तो बंद झाला. सायकलवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. परंतु वाचलेली रक्कम दिखाऊ सोयींवर उधळली, तर त्याचा लाभ तो काय? माझे स्पष्ट मत असे, की एवढ्या खरेदीसाठी कर्ज काढू नये. आवर्ती ठेवीतून रक्कम उभी करावी, आणि हाती आलेल्या पैशांतील दहावा भाग कुलूप, पंप व पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

सहकाऱ्यांनाही एक नम्र विनंती. ठेवीची मुदत संपून ग्राहक समोर बसतो, तेव्हा ‘पैशांचे काय करणार?’ एवढे आपुलकीने विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. निर्णय त्याचाच असतो. पण विचारणारे कुणीतरी असावे. त्या दिवशी ती दोन मिनिटे मी दिली नाहीत, याची रुखरुख मला आजही आहे.

पुढे त्या ताईंनी त्याच कारखानदारांच्या सल्ल्याने २,२०० रुपयांना एक जुनी, साधी लेडीज सायकल घेतली आणि ६०० रुपये खर्चून टायर व चेन बदलली. माझी बदली होण्यापूर्वी त्या शेवटच्या भेटल्या, त्या नवे आवर्ती ठेव खाते उघडण्यासाठी. हप्त्याची रक्कम किती, असे विचारले. रिक्षाच्या वाचलेल्या पैशांचा हिशेब त्यांच्या मनात तयार होता. म्हणाल्या, ‘‘या वेळी १,००० लिहा.’’