खाट नाही, म्हणून नोंद नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

बोगस डॉक्टर शोध समित्यांना आणखी एक परिपत्रक पाठवू नका. समित्या आहेतच. जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आहे, तालुक्याला आहे, महापालिकांना आहे. आमच्या तालुक्यातल्या एका दवाखान्याबद्दल गावकऱ्यांनी लेखी तक्रारी दिल्या, पोच घेतली, उत्तर आले नाही. पुढे एकदा पथक निघाले, पण ते येणार ही बातमी त्याच्या आधी दवाखान्यात पोचली होती. शटरला कुलूप. अहवालात ‘दवाखाना बंद आढळला’ असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली. दुसऱ्या सकाळी तिथे सलाईनच्या बाटल्या पुन्हा टांगलेल्या होत्या.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे समितीतल्या माणसांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हातात काहीच नसते, हे मी आतून पाहिले आहे. तालुक्यात दवाखाने किती, कोणत्या गावात, कोणाच्या नावावर, याची यादीच त्यांच्याकडे नाही. आणि ती नाही, कारण आपल्या राज्याचा कायदा ती मागतच नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे. खाटा मांडल्या तर नोंदणी. पण बाजारपेठेत गाळा भाड्याने घेतला, टेबल टाकले, स्टेथोस्कोप गळ्यात घातला आणि दिवसाला शंभर सुया टोचल्या, तर आरोग्य खात्याकडे नोंदणीची गरज नाही! केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला. त्यात दवाखानेही येतात. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही आणि त्याच्या तोडीचा स्वतःचाही केला नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे वापरलेल्या सुईची काळजी शासनाला आहे. ती टोचणारा कोण, हे मात्र आरोग्य खाते विचारत नाही.

शिक्षा कमी आहे असेही नाही. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली पहिल्याच गुन्ह्याला किमान २ वर्षे कैद आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ही कलमे लागायची तर आधी माणूस सापडावा लागतो. त्याला शोधायचे काम तुम्ही तक्रारदारावर टाकले आहे, आणि तक्रारदार त्याच गावात राहतो. रात्री अपरात्री दार उघडणाऱ्या, उधारीवर औषध देणाऱ्या माणसाविरुद्ध जबाब द्यायला कोण पुढे येईल? तालुका बदलला की तोच माणूस नव्या पाटीखाली पुन्हा डॉक्टर होतो.

परळीचे सुदाम मुंडे प्रकरण आपल्याला सांगायला नको. बेकायदा गर्भपाताच्या प्रकरणात मुंडेंना २०१९ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, आणि जामिनावर असताना २०२० मध्ये ते परळीजवळच पुन्हा अवैध दवाखाना चालवताना पकडले गेले. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला माणूस हे करू शकला. ज्याचे नाव कोणाला माहीत नाही, त्याला कोण अडवणार? मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते रुग्णालय होमिओपॅथीची पदवी असलेला माणूस चालवत होता, आणि एका विवाहितेचा जीव गेल्यावर ते उघडकीला आले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बांगरमऊला एकच सिरिंज अनेकांना वापरल्याने डझनावारी लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या आरोग्य विभागानेच सांगितले. आमच्याकडे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची सुई मारतात. ताप उतरतो, अंगदुखी थांबते, ‘डॉक्टरला हातगुण आहे’ म्हणून गाव त्याच्याकडे धावते. आतला आजार तसाच वाढतो आणि रुग्ण आरोग्य केंद्रात येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या जनगणनेवरून काढलेला आकडा प्रसिद्ध केला: देशात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांकडे वैद्यकीय शिक्षणच नव्हते. ग्रामीण भागात पात्रता असलेले जेमतेम १९ टक्के. आकडा जुना आहे, मान्य. मग आजचा महाराष्ट्राचा आकडा शासनाने द्यावा. तो कोणत्या नोंदवहीतून देणार?

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधे लिहावीत की नाही, यावर २०१४ पासून वाद सुरू आहे. तो महत्त्वाचा आहे. स्वतः न शिकलेल्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात म्हटलेच आहे. पण कोणत्याच परिषदेच्या रजिस्टरमध्ये नाव नसलेल्यांबद्दल इतकी खडाजंगी कधी झाली? डॉक्टरची नोंदणी तपासण्यासाठीचा वैद्यक परिषदेचा क्यूआर कोड चांगला आहे, पण तो लावतो नोंदणी असलेला डॉक्टर. तापाने फणफणलेले लेकरू कडेवर घेतलेल्या आईने आधी मोबाईल काढून पडताळणी करायची, ही अपेक्षा धरणे म्हणजे शासनाचे काम तिच्या डोक्यावर टाकणे आहे.

आणि ती तिथे का जाते, याचे उत्तरही आपल्याच खात्याकडे आहे. निकष सांगतो, ३० हजार लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्या केंद्रात रात्री डॉक्टर असेल, तर बाजारपेठेतल्या त्या शटरसमोर रांग लागणार नाही. रिक्त पदे भरा.

मुख्य मागणी एकच आहे. खाट असो वा नसो, पैसे घेऊन किंवा फुकट रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक जागेची सक्तीची नोंदणी करा. पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय ती देऊ नका. गावनिहाय यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि यादीत नसलेला दवाखाना तक्रारीची वाट न पाहता बंद करा. यासाठी लागणारा कायदा कोणत्या अधिवेशनात मांडणार, ते लेखी कळवा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर पाठवू नका. ते आम्हाला आधीच पाठ आहे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक